कॅम्परच्या खिडक्यांचे चुण्यांचे पडदे काढायचे कसे, धुवायचे कसे

ताई, तुमचा प्रश्न सगळा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो: तुम्ही टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅम्पर गाडी सेकंडहँड घेतलीय, खिडक्यांना दोरीवर वरखाली होणारे चुण्यांचे पडदे आहेत, सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाऊन आल्यापासून त्यांच्यावर भंडारा बसलाय, पावसाळ्यात खालच्या कडेला काळे ठिपके आले, आणि ओट्याजवळचा पडदा एका बाजूने लोंबतोय. आता हे सगळे काढून कुठल्या पावडरने धुवायचे आणि वॉशिंग मशीनमध्ये टाकले तर चालतील का, असं तुम्ही विचारलंय, आणि निपाणीत कुणीतरी तुम्हाला सर्व्हिसिंगच्या रॅम्पवर प्रेशरच्या पाण्याने मारून घ्या म्हणून सांगितलंय. ते मारून घेणं तेवढं आधी थांबवा. प्रेशरच्या पाण्याने चुण्या फाटतात, फाटल्या नाहीत तरी सपाट होतात, आणि सपाट झालेली चुणी घरी परत बसत नाही.

मी बेळगावात गाड्यांच्या सीट-कुशनचं आणि पडदे-ब्लाइंडचं काम करतो, घरांचे, ऑफिसचे, लग्नाच्या बसचे, आणि अलीकडे कॅम्परचेही येतात. माझ्याकडे जे पडदे कायमचे गेलेले म्हणून येतात त्यातले बहुतेक मळाने गेलेले नसतात, ते काढताना ओढल्यामुळे नाहीतर धुऊन उन्हात ताणून वाळवल्यामुळे गेलेले असतात. म्हणून पावडर कुठली हा प्रश्न मी शेवटी घेतो. तुमच्याकडे खरं म्हणजे तीन वेगवेगळी दुखणी आहेत. भंडारा आणि धूळ हे एक, बुरशी हे दुसरं, आणि लोंबणारा पडदा हे तिसरं, ज्याचा मळाशी काहीच संबंध नाही, ते दोरीचं काम आहे. तिघांना एकाच बादलीत घातलं तर एकही नीट होणार नाही.

आधी पडदा कुठल्या जातीचा आहे ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. तुमच्या वर्णनावरून वाटतंय की वर एक पट्टी, मधे एक पट्टी, खाली एक पट्टी, अर्धं कापड उजेड येऊ देणारं आणि अर्धं जाड, बाजूंनी बारीक दोऱ्या जाऊन खाली भिंतीवर छोट्या बटणांना अडकवलेल्या, असं आहे. असं असेल तर तो पूर्ण निघतो आणि कापड साधं असेल तर धुताही येतो. पण जर पडदा खिडकीच्या चौकटीतच बसवलेला असेल, म्हणजे प्लॅस्टिकची पूर्ण फ्रेम आणि तिच्यात एका बाजूला जाळी आणि दुसऱ्या बाजूला पडदा, जसं युरोपच्या गाड्यांत डोमेटिक किंवा रेमिस या कंपन्यांचं येतं, तर ती फ्रेम उघडू नका. आतल्या स्प्रिंगा आणि दोऱ्या ताणून बसवलेल्या असतात, बाजूचा एक स्क्रू सैल केला की ताण सुटतो आणि परत लावणं सरावाशिवाय जमत नाही. तसला पडदा जागेवरच पुसायचा. आणि नळीवर गुंडाळणारा रोलर असेल तर त्याच्या एका टोकाला चपटी पिन असते, तिच्यात स्प्रिंगचा ताण असतो, नळी काढताना ती पिन फिरू द्यायची नाही, काढल्याबरोबर तिथे टेप गुंडाळून टाकायची.

दुसरी परीक्षा कापडाची. पडद्याची उन्हाकडची बाजू, वरून दुसरी-तिसरी चुणी, कोपऱ्यात दोन बोटांत धरून हलकी दुमडून बघा. कापड मऊ राहिलं तर ठीक. करकर आवाज आला, बारीक चीर गेली किंवा बोटाला पांढरी भुकटी लागली, तर उन्हाने कापडाचा जीव गेलाय, त्याला पाणी लावू नका, कोरडं झटकून जेवढे दिवस चालेल तेवढे वापरा आणि नवीन कापडाची तयारी ठेवा. मागची बाजू चांदीसारखी चकाकणारी किंवा रबरासारखी गुळगुळीत असेल तर तो ब्लॅकआऊटचा, म्हणजे उजेड अडवणारा, थर आहे, तोही भिजवायचा नसतो, घासायचा तर अजिबात नाही. मधमाशीच्या पोळ्यासारखे पोकळ कप्पे असतील तर त्यात पाणी शिरून बाहेर निघत नाही आणि बुरशी आतून धरते, म्हणून तेही फक्त वरून पुसायचे. तुमच्यापैकी साधं पॉलिएस्टर किती खिडक्यांना आहे ते आधी मोजा, बहुतेक तेवढेच धुवायला निघतील.

आता काढायचं. घाई नको, दोघं जण असा. आधी प्रत्येक खिडकीचा मोबाईलवर फोटो काढा, खालच्या बटणांचा जवळून वेगळा, म्हणजे दोरी कुठल्या बाजूने किती वेढे गुंडाळलीय ते दिसलं पाहिजे. मग मास्किंग टेपवर नंबर लिहून पडद्यालाही लावा आणि खिडकीलाही, ड्रायव्हरच्या बाजूच्या एक, दोन, तीन, क्लीनरच्या बाजूच्या वेगळ्या. खिडक्या सारख्या दिसतात पण स्थानिक बांधणीच्या गाडीत दोन खिडक्या कधीच बरोबर सारख्या नसतात, दोरीची लांबी त्या-त्या खिडकीला धरून केलेली असते, अदलाबदल झाली की एक पडदा घट्ट आणि दुसरा सैल होतो आणि मग माणूस पट्टीतल्या स्प्रिंगला दोष देत बसतो.

पडदा पूर्ण वर करा, चुण्या एकावर एक बसल्या की जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांनी तीन जागी सैलसर बांधा. रबरबँड लावू नका, त्याचा वळ कापडावर राहतो. आता खालची बटणं. इथे ताण असतो म्हणून एका हाताने दोरी धरून दुसऱ्याने स्क्रू सोडवा, आणि दोरी सुटली की तिच्या टोकाला लगेच एक वॉशर किंवा सेफ्टी पिन अडकवा, नाहीतर स्प्रिंग दोरी आत ओढून घेते आणि तिथून पुढे पट्टी खोलण्यावाचून गत्यंतर नाही. एवढी एक गोष्ट पाळलीत तरी निम्मं काम वाचलं. दोन्ही बाजू सुटल्या की वरचं बघायचं. वर बऱ्याचदा कापड मढवलेलं पेल्मेट, म्हणजे पट्टी झाकणारी फळी, असतंय, ते खालून किंवा बाजूने छोट्या कोनांवर स्क्रूने धरलेलं असतंय, ते आधी उतरवा. मग वरच्या पट्टीत चुण्या हाताने थोड्या बाजूला सारल्या की स्क्रूची डोकी दिसतात. स्क्रू नसतील तर पट्टी क्लिपांवर बसलेली आहे, क्लिपची जीभ चपट्या स्क्रूड्रायव्हरने दाबली की पट्टी पुढे येते, वर-खाली हिसका द्यायचा नाही.

स्क्रू त्याच खिडकीच्या नंबरच्या पाकिटात. बॅटरीवरचा ड्रिल काढायला वापरलात तर चालेल, पण परत बसवताना हातानेच पिळा, प्लायवूडमध्ये भोक एकदा गुळगुळीत झालं की स्क्रू धरत नाही. तसं झालंच असेल तर काडेपेटीची काडी फेव्हिकॉल लावून भोकात घाला, रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू पिळा. खिडकीखालचा प्लाय ओला किंवा फुगलेला लागला तर मात्र थांबा, म्हणजे खिडकीच्या रबरातून पाणी येतंय, आणि ते बंद केल्याशिवाय पडदे धुऊन काही फायदा नाही.

पडदे खाली उतरले की पाणी दूर ठेवा. आधी कोरडं काम, आणि आपल्या भागात हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. खानापूर-जांबोटीकडची लाल माती घ्या, गोकाक-अथणीकडची काळी माती घ्या, पाणी लागलं की दोन्ही कापडात शिरतात, लालचा तांबडा डाग बसतो आणि काळी चिकटून बसते. तुमच्या निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या बाजूला गाडी लागत असेल तर तंबाखूची बारीक धूळही चुण्यांत असणार, तिला पाणी लावलं की तपकिरी रंग सुटतो. म्हणून बाहेर सावलीत, तोंडाला मास्क लावून, पडदा पूर्ण उघडून दोन खुर्च्यांमधे आडवा ठेवा आणि रंग द्यायच्या मऊ तीन इंची ब्रशने चुणीच्या लांबीने झाडा, आडवं झाडू नका. मग व्हॅक्युम असेल तर ब्रशचं तोंड लावून कमीत कमी जोरावर. दोन्ही बाजूंनी. एवढ्यावर बरेच पडदे दाखवण्यासारखे होतात आणि धुवायची गरजच राहत नाही. तसं झालं तर धुऊ नका.

भंडाऱ्याचं वेगळं सांगतो, कारण तिथे नेहमीची सवय उलटी पडते. भंडारा म्हणजे हळद. हळदीला साबण लागला की ती लाल होते हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे, साबण आणि सोडा खारे, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाचे, असतात म्हणून तसं होतं, आणि पॉलिएस्टर हळदीचा रंग घट्ट धरून ठेवतं. तर भंडाऱ्याला साबण, सोडा, पावडर काही लावायचं नाही. कोरडा पूर्ण झाडायचा, ओलं फडकं फिरवायचं नाही, चोळायचं तर नाहीच. मग जो पिवळा डाग उरतो तो उन्हाला द्यायचा. हळदीचा रंग उन्हात उडतो, सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन दिवस थोडा-थोडा वेळ दाखवलं की डाग बराच फिका पडतो. हे ऊन कापड कोरडं असतानाच आणि चुण्या जशा आहेत तशा सैल ठेवून द्यायचं, ताणून नाही, आणि दुपारचं नाही. कुणी आधीच साबण लावून लाल करून ठेवला असेल तर लिंबाच्या पाण्याने टिपा, लाली जाऊन परत पिवळा होतो, मग साध्या पाण्याने टिपून, सावलीत वाळवून, कोरडा झाल्यावर उन्हाला. देवीचा भंडारा आहे, पुढच्या वेळी आत बसायच्या आधी अंगावरचं बाहेर झटका आणि खिडक्यांचे पडदे पूर्ण वर बांधून ठेवा, एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

आता काळे ठिपके. ही बुरशी आहे आणि ती मळामुळे आलेली नाही, ओलीमुळे आली. पावसात गाडीत चार माणसं झोपतात, सकाळी आत चहा होतो, ती सगळी वाफ रात्रभर थंड काचेवर बसते, काचेचं पाणी खाली उतरतं आणि पडद्याची खालची कड त्यात बुडून राहते. सकाळी माणूस तो ओलाच वर करून बांधून टाकतो. चोर्ल्याकडे, आंबोलीला, कणकुंबीला पावसात मुक्काम केला की हे हमखास. त्यामुळे डाग काढायच्या आधी सवय बदला: झोपताना पडदा काचेच्या खालच्या कडेपासून दोन बोटं वर ठेवा, छताची झडप थोडी उघडी, चहा होताना खिडकी उघडी, सकाळी काच फडक्याने कोरडी करून मगच पडदा वर.

डागांना पांढरा व्हिनेगर आणि पाणी समसमान घ्या, साध्या कापडावर फडक्याने टिपून लावा, पंधराएक मिनिटं राहू द्या, मग ओल्या फडक्याने टिपा. चांदीच्या थरावर व्हिनेगर लावू नका, तो काळवंडतो, तिथे फक्त पाण्यात पिळलेलं फडकं. ब्लीच कुठेच नको, कापड पिवळं पडू शकतं, आणि ब्लीच व्हिनेगरमध्ये किंवा बाथरूमच्या ॲसिडमध्ये मिसळलं तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो, गाडीसारख्या बंद जागेत तर फार धोक्याचं. आणि आधीच सांगून ठेवतो, बुरशी मेली तरी जुना काळा ठिपका पुसटसा राहू शकतो. वास गेला, हाताला काही लागत नाही, म्हणजे काम झालं. ठिपका पूर्ण घालवायला घासत बसलात तर भोक पडेल.

ओट्याजवळच्या पडद्यावर फोडणीचं तेल आणि त्यावर धूळ असा चिकट थर असणार. त्याला भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब कोमट पाण्यात घालून स्पंजने टिपा. स्पंज पिळलेला पाहिजे. पण तिथे भंडारा पण असेल तर आधी भंडाऱ्याचं पूर्ण करा, मगच हे.

मग पाण्यात बुडवून धुवायचे कुठले? भंडारा निघालेले, साधं पॉलिएस्टर, थर नसलेलं, परीक्षेत मऊ राहिलेलं, आणि पुसूनही मळकट दिसणारं. एवढेच. आपल्याकडे घरी एवढा लांब टब नसतो, म्हणून अंगणात चार लाकडी पट्ट्या आयताकार मांडून त्यावर ताडपत्री टाका, उथळ हौद तयार होतो. पाणी हाताला जेमतेम कोमट. गीझरचं गरम नको, कारण पॉलिएस्टरच्या चुण्या कारखान्यात उष्णतेने बसवलेल्या असतात आणि उष्णतेनेच उतरतात, हाच हिशोब इस्त्रीला, वाफेला आणि दुपारच्या उन्हाला. साबण म्हणजे लोकरीच्या कपड्यांचं लिक्विड, ईझीसारखं, बादलीला एक झाकण. कपड्यांची नेहमीची पावडर खारी असते आणि चुण्यांत पांढरी राहते. पडदा पाण्यात बुडवून पेटीच्या भात्यासारखा हलक्या हाताने उघडायचा-मिटायचा, एवढंच, चोळायचं नाही, पिळायचं नाही. पट्ट्यांमधे स्प्रिंगा आहेत, त्या गंजतात, म्हणून दहा मिनिटांच्या वर पाण्यात नाही. दोन वेळा स्वच्छ पाणी, आणि घरी बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचं पाणी नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं घ्या, नाहीतर वाळल्यावर चुणीच्या कडेला पांढऱ्या रेघा दिसतात. मशीन नको, ड्रायक्लीनिंग पण नको, तिथल्या सॉल्व्हेंटने पट्टीला चिकटवलेल्या कापडाचा गोंद सुटतो.

आणि आता वाळवणं. माझ्या मते खरी कसोटी इथे आहे. ओला पडदा दोरीवर लांब सोडला की पाण्याच्या वजनाने चुण्या उघडतात आणि तशाच वाळतात, मग तो पडदा खिडकीत पूर्ण मिटत नाही, वर जाड गठ्ठा होऊन बसतो. म्हणून पाण्यातून काढला की पट्टी तिरकी धरून आतलं पाणी दोन्ही टोकांनी निथळू द्या, चुण्या हाताने एकावर एक बसवा, साडीच्या पट्ट्यांनी बांधा आणि सावलीत, वारा येईल तिथे दोन विटांवर आडवा ठेवा. दोन-तीन तासांनी पाणी थांबलं की सोडून अर्धा उघडा, पंख्याखाली थोडा वेळ, परत मिटवून बांधा. हे दिवसभर अधूनमधून करायचं. रात्री पण मिटलेलाच, दुसऱ्या दिवशी परत. हात लावून कोरडा वाटला तरी चुणीच्या आतल्या घडीत ओल असते, नाक लावून बघा, दमट वास आला तर अजून एक दिवस.

यावरून लक्षात येईल की पावसाळ्यात हे काम होत नाही. मृग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत आपल्या हवेत मिटलेला पडदा वाळत नाही, धुतलात तर नवीन बुरशी आणाल. तेव्हा फक्त झाडणं आणि टिपणं. धुणं दिवाळीनंतर, थंडीचा कोरडा वारा सुटला की.

राहिला लोंबणारा पडदा. त्याची दोरी त्या बाजूला झिजून लांब झालीय किंवा खालच्या बटणावरून घसरलीय. आधी बटणावर एक वेढा जास्त घेऊन बघा, सरळ झाला तर प्रश्न मिटला. नाही झाला तर दोरी बदला, आणि पडदा खाली उतरवलेलाच आहे तेव्हाच बदला. जुनी दोरी काढून टाकायची नाही, तिच्या टोकाला नवीन दोरीचं टोक समोरासमोर लावून फेविक्विकचा एक थेंब, सुकलं की जुनी हळूहळू ओढत जायचं, नवीन आपोआप सगळ्या भोकांतून आणि स्प्रिंगमधून जाते. दोरी पॉलिएस्टरची विणलेली, जुनीच्याच जाडीची, साधारण एक मिलीमीटरच्या आसपास असते. नायलॉनची घेऊ नका, ती ओलीत ताणली जाते, आणि मासे धरायचा तंगूस तर नकोच, तो चुणीची भोकं कापत जातो. टोक काडीने जाळून बंद करा म्हणजे उसवणार नाही. स्प्रिंगला तेल सोडू नका, ते दोरीत उतरतं आणि त्यावर धूळ धरते, पडदा जड वाटला तर कोरडा सिलिकॉन स्प्रे फडक्यावर घेऊन दोरीवरून फिरवा.

परत बसवताना उलटा क्रम, आधी वरची पट्टी, मग पेल्मेट, शेवटी खालची बटणं. ताण दोन्ही बाजूंना सारखा ठेवा, पडदा कुठेही सोडला तिथे थांबला पाहिजे. आपोआप खाली येत असेल तर सैल आहे, हात दुखेपर्यंत ओढावं लागत असेल तर घट्ट आहे. दोरीचं उरलेलं टोक कापून टाका, मोकळा फास ठेवू नका, गाडीत लहान मुलं झोपतात. आणि पडदे बाहेर आहेत तोवर खिडक्या आतून पुसून घ्या, फक्त खिडकी काचेची आहे की ॲक्रिलिकची ते आधी नखाने टकटक करून बघा. ॲक्रिलिक असेल तर काच पुसायचा स्प्रे किंवा स्पिरिट लावू नका, त्याने बारीक भेगा पडतात, साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर कोरडे पडदे वर मिटवून ठेवा, चुण्या टिकतात आणि ऊनही कमी लागतं.

ताई, लोंबणाऱ्या पडद्याच्या खालच्या दोन्ही बटणांचा आणि एका पडद्याच्या मागच्या बाजूचा फोटो टाका. बटण स्क्रूचं आहे की दाबून बसवलेलं ते त्यावरून सांगता येईल, आणि मागे थर आहे का ते कळलं की कुठले धुवायचे आणि कुठले नुसते पुसायचे ते नंबर लिहून देतो.